फ्लॅग आला म्हणून हिशेब मिटत नाही

हा लेख ऑक्टोबर २०२५ मधला. येत्या २२ तारखेला अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्सचा २०२५-२६ चा मोसम घरच्या मैदानावर सुरू होतो आहे. समोर सॅन अँटोनियोचा संघ, म्हणजे सव्वासात फुटांहून उंच व्हिक्टर वेम्बन्यामा, आणि डॅलसकडून पहिलाच अधिकृत सामना खेळणारा १८ वर्षांचा कूपर फ्लॅग. फेब्रुवारीपासून ज्या शहरात बास्केटबॉलचा विषय निघाला की संतापच उसळत होता, तिथे आता पुन्हा तिकिटांची, जर्सींची, प्लेऑफच्या (मोसमाअखेरच्या बाद फेरीच्या) गणितांची बोलणी सुरू झाली आहेत. हे चांगलंच आहे. पण त्याच्या जोडीने एक सल्लाही सतत कानावर येतो: झालं ते झालं, नशिबाने फ्लॅग पदरात टाकला, आता जुनं उगाळू नका आणि मुकाट्याने संघाच्या पाठीशी उभे राहा.

या सल्ल्याला माझा विरोध आहे. फ्लॅगसाठी टाळ्या वाजवणं आणि लाडका खेळाडू लुका डॉन्चिच याला दुसऱ्या संघाला देऊन टाकण्याच्या व्यवहाराचा जाब मागत राहणं, ही दोन्ही कामं एकाच चाहत्याने एकाच संध्याकाळी करावीत. आणि तो जाब नुसत्या घोषणांवर संपू नये. ज्या शहराच्या करातून या संघाचं मैदान उभं राहिलं, त्या शहराने तो लेखी अटींच्या रूपाने मालकांकडून वसूल करावा.

ज्यांनी हे प्रकरण लांबून पाहिलं त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. १ फेब्रुवारी २०२५ ची रात्र. डॅलसमध्ये बारा वाजायला आले होते, भारतात रविवारची सकाळ होती. बातमी आली की डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. बातमी देणाऱ्या पत्रकाराचं खातं कुणीतरी बळकावलं असणार, असंच कित्येकांना वाटलं. कारण गोष्ट पटण्यासारखी नव्हतीच. डॉन्चिच तेव्हा २५ वर्षांचा होता. सलग पाच वर्षं लीगच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत त्याची निवड झाली होती. २०२३-२४ मध्ये त्याने सामन्यामागे ३३.९ गुण काढले, लीगमध्ये सर्वांत जास्त. त्याच मोसमात अटलांटाविरुद्ध एका सामन्यात ७३. आणि जून २०२४ मध्ये याच संघाला तो अंतिम फेरीत घेऊन गेला होता. बोस्टनने ती मालिका ४-१ जिंकली, पण इतक्या तरुण खेळाडूने अंतिम फेरी गाठली म्हणजे पुढची दहा वर्षं आपली, अशा भावनेत डॅलस होतं.

त्याच्या बदल्यात मुख्यतः काय मिळालं? ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी, आणि लेकर्सची २०२९ ची पहिल्या फेरीची एक निवड, म्हणजे त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये एक नवोदित खेळाडू निवडण्याचा हक्क. एवढंच. असा खेळाडू विकायला निघाला आहे हे कळलं असतं तर लीगमधल्या जवळजवळ प्रत्येक संघाने झोळी रिकामी केली असती. पण कुणाला कळूच दिलं नाही. डॅलसचे जनरल मॅनेजर निको हॅरिसन आणि लेकर्सचे रॉब पेलिंका यांनी जानेवारीभर गुपचूप बोलणी केली. प्रशिक्षक जेसन किड यांनाही अगदी शेवटी सांगितलं गेलं. हॅरिसन यांनी दिलेलं कारण बचावाचं होतं; अजिंक्यपद बचावाने मिळतं असं त्यांचं मत. न बोललेली कारणंही होतीच: डॉन्चिचचं वजन, त्याची पोटरीची दुखापत, आणि उन्हाळ्यात द्यावा लागला असता तो पाच वर्षांचा साधारण ३४.५ कोटी डॉलरचा करार.

डेव्हिसबद्दल इथे स्पष्ट लिहायला हवं, कारण रागाच्या भरात त्याच्यावर अन्याय होतो. तो फार मोठा खेळाडू आहे. ८ फेब्रुवारीला ह्यूस्टनविरुद्ध डॅलसकडून पहिल्यांदा उतरला तेव्हा पहिल्या तीन क्वार्टरमध्येच त्याने २६ गुण, १६ रिबाउंड (हुकलेली फेक पकडणं) आणि ७ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) केले. बाहेर निदर्शनं चालू असताना आतल्या प्रेक्षकांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. राग कुणावर धरायचा हे त्या गर्दीला नीट कळत होतं. त्याच सामन्यात त्याचा स्नायू दुखावला आणि तो मार्चच्या अखेरीपर्यंत बाहेर बसला. ३ मार्चला कायरी आयर्विंगच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. संघ ३९-४३ वर, पश्चिम विभागात दहावा आला आणि एप्रिलमध्ये मेम्फिसकडून हरून घरी गेला. नियमित मोसमात डेव्हिस डॅलसकडून अवघे नऊ सामने खेळला होता.

हे सगळं दुर्दैव होतं असं हॅरिसन यांची बाजू घेणारे म्हणतात. आयर्विंगचा गुडघा हे दुर्दैवच. डेव्हिसची दुखापत मात्र तशी म्हणता येणार नाही. २०१८-१९ ते २०२३-२४ या सहा मोसमांत तो फक्त एकदा सत्तरहून अधिक सामने खेळला. कोविडमुळे त्यातले दोन मोसम छोटे झाले होते हे धरूनही हा आकडा बोलका आहे. शरीर साथ देईल का, या शंकेपोटी पंचविशीचा खेळाडू घालवायचा आणि तीच शंका जिच्याबद्दल अधिक रास्त आहे असा तिशी उलटलेला खेळाडू आणायचा, याला मी डावपेच म्हणू शकत नाही.

तरीही, खेळाच्या निर्णयात माणसं चुकतात. चुकण्याचा अधिकार जनरल मॅनेजरला असलाच पाहिजे. मला जास्त खुपतं ते त्यानंतरचं वागणं. मार्चमध्ये, आयर्विंग जायबंदी झाल्यानंतर काही दिवसांतच, पुढच्या मोसमाच्या तिकिटांचे दर सरासरी साडेआठ टक्क्यांहून अधिक वाढवल्याचं पत्र मोसमी तिकीटधारकांना गेलं. फेब्रुवारीत मैदानात हॅरिसन यांच्याविरुद्ध घोषणा देणाऱ्या काही प्रेक्षकांना नियमभंगाचं कारण देऊन बाहेर काढण्यात आलं होतं. एप्रिलच्या मध्याला हॅरिसन यांनी निवडक पत्रकारांना एका खोलीत बोलावलं, पण कॅमेरे नकोत, ध्वनिमुद्रण नको. अखेर मोसम संपल्यावर खुल्या पत्रकार परिषदेत ते म्हणाले की डॉन्चिच चाहत्यांना प्रिय आहे हे माहीत होतं, पण ते प्रेम इतक्या पातळीचं असेल याची कल्पना नव्हती.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं विधान हेच आहे. ९ एप्रिलला डॉन्चिच लेकर्सचा खेळाडू म्हणून डॅलसला परतला, त्याच्या आठवणींची चित्रफीत पडद्यावर लागली आणि तो बाकावर बसून टॉवेलने डोळे पुसत राहिला. मग उठून त्याने ४५ गुण काढले आणि समोरच्या संघाचा खेळाडू असूनही सगळं मैदान त्याच्यासाठी ओरडत होतं. त्या रात्री जे मैदानातल्या प्रत्येक पोराला कळलं, ते चार वर्षं त्याच इमारतीत काम करणाऱ्या माणसाला आधी कळलं नव्हतं. कोणत्या रांगेतली खुर्ची किती डॉलरला जाते याचा पै-पैचा हिशेब संघाकडे असतो. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मनात काय आहे हे विचारण्याची सोय मात्र संघाच्या कारभारात कुठेच नाही. मी हॅरिसन यांना खोटं ठरवत नाही. त्यांना खरंच कल्पना नसावी. कल्पना नसतानाही एवढा मोठा निर्णय एकट्याने घेता येतो, आणि तो मालकांच्या एका होकारावर पक्का होतो, हीच तर अडचण आहे.

आता फ्लॅगकडे येऊ. त्याच्याबद्दलची आशा अगदी खरी आहे आणि ती कुणी हिणवू नये. १२ मे रोजी शिकागोत ड्राफ्टची लॉटरी, म्हणजे पहिल्या निवडीचा हक्क कुणाला याची सोडत, निघाली तेव्हा हजार आकडेजुळण्यांपैकी डॅलसच्या वाट्याला फक्त १८ होत्या, म्हणजे १.८ टक्के. चौदा चेंडूंच्या यंत्रातून नेमकी त्यातलीच एक जुळणी आली. ‘लेकर्सला डॉन्चिच दिला त्याची ही परतफेड’, असा संशय लगेच बोलला गेला. मला त्यात तथ्य दिसत नाही. ती सोडत लेखापरीक्षक आणि इतर संघांच्या प्रतिनिधींसमोर होते, आणि फ्लॅग गमावलेल्या तेरा संघांपैकी कुणाला काही सापडलं असतं तर तो गप्प बसला नसता. पण लोकांचा विश्वास किती खोल गेला होता याचं हे लक्षण होतं. नशिबाने दिलेल्या देणगीतसुद्धा त्यांना कट दिसू लागला.

फ्लॅग मेन राज्यातल्या न्यूपोर्ट या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावचा. आई मेन विद्यापीठाकडून खेळलेली. २०२४ च्या उन्हाळ्यात, ऑलिंपिकला निघालेल्या अमेरिकी संघाच्या सरावात हा १७ वर्षांचा पोरगा त्यांच्यासमोर बिनधास्त खेळला. ड्यूक विद्यापीठाकडून एकाच मोसमात सामन्यामागे १९.२ गुण, ७.५ रिबाउंड, ४.२ असिस्ट, देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचे सगळे मोठे मान त्या वर्षी त्याला मिळाले. मला त्याच्यात सर्वांत आवडतं ते हे की चेंडू हातात नसतानाही तो खेळात असतो. समोरच्याची फेक अडवायला मागून धावत येणं, योग्य जागी अर्धा सेकंद आधी पोहोचणं, या गोष्टी सहसा तिशीतल्या खेळाडूला जमतात.

पण तो १८ वर्षांचा आहे. लेब्रॉन जेम्स याच वयात क्लीव्हलंडला आला तेव्हा संघाचे विजय १७ वरून ३५ झाले आणि तरीही प्लेऑफ हुकलं. वेम्बन्यामाच्या पहिल्या वर्षी सॅन अँटोनियो ६० सामने हरलं. डर्क नोविट्झ्की, ज्याचा पुतळा आज मैदानाबाहेर आहे, तो पहिल्या मोसमात सामन्यामागे आठ गुणांच्या आसपास अडकला होता. फ्लॅगवर या मोसमात जो भार टाकला जातो आहे तो यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे. आयर्विंग मोसमाचा बराच भाग बाहेर असेल, तेव्हा चेंडू चालवणार कोण? डी’अँजेलो रसेलला आणलं आहे, पण बचावाच्या नावाने डॉन्चिचला घालवणाऱ्या संघाने रसेलवर विसंबावं यातली विसंगती कुणाच्याही लक्षात येईल. म्हणून किड फ्लॅगलाच पॉइंट गार्ड म्हणून खेळवायचं म्हणत आहेत. लास वेगासच्या उन्हाळी स्पर्धेत तो पहिल्या सामन्यात चाचपडला आणि दुसऱ्यात ३१ गुण काढून गेला. शिकेल तो, यात शंका नाही. पण ही जबाबदारी त्याच्या वाढीसाठी दिली जाते आहे, की रिकाम्या जागेवर दुसरं कुणी नाही म्हणून? मला दुसरं कारण खरं वाटतं आणि त्याची काळजी वाटते.

बाकी संघ उंच आहे, दणकट आहे. डेव्हिस, डेरेक लाइव्हली, डॅनियल गॅफर्ड, पी. जे. वॉशिंग्टन; रिंगणाखाली या चौघांसमोर गुण काढणं कुणालाही जड जाईल. वॉशिंग्टन आणि गॅफर्डचे करार उन्हाळ्यात वाढवले हे मला पटलं. सगळे धडधाकट राहिले तर पश्चिम विभागात सहावा ते दहावा क्रमांक कुठेही पडू शकतो. पण ओक्लाहोमा सिटी २०२५ चा विजेता आहे, ह्यूस्टनने केविन ड्युरंट आणला, डेन्व्हर आणि मिनेसोटा आहेतच. लाइव्हलीच्या पायावर उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली, डेव्हिसच्या डोळ्यावर झाली. सगळे धडधाकट राहतील या गृहीतकावर मी तरी एक डॉलर लावणार नाही.

खरा पेच वयाचा आहे. डेव्हिस ३२, आयर्विंग ३३, क्ले थॉम्पसन ३५, आणि फ्लॅग १८. ज्यांना आज जिंकायचं आहे आणि ज्याचा काळ पाच वर्षांनी येणार आहे, ते एकाच संघात बसवले आहेत. त्यात डॅलसची पुढची शिदोरी जवळपास संपलेली. २०२६ ची पहिल्या फेरीची निवड तेवढी पूर्णपणे स्वतःची. २०२७ ची शार्लटकडे जायची आहे, वरच्या दोन क्रमांकांत आली तरच वाचेल. २०२८ मध्ये दोघांच्या निवडींची अदलाबदल करण्याचा हक्क ओक्लाहोमा सिटीकडे. २०२९ ची ह्यूस्टनकडे. २०३० मध्ये पुन्हा अदलाबदल, सॅन अँटोनियोशी. डॉन्चिचच्या भोवती तातडीने संघ बांधायचा म्हणून हे हक्क खर्च केले गेले. ज्याच्यासाठी घर गहाण ठेवलं तोच घराबाहेर, आणि हप्ते मात्र चालू. म्हणूनच मला वाटतं, हिवाळा सरता सरता संघ मधल्यामध्ये लटकताना दिसला, तर डेव्हिससह मोठ्या खेळाडूंचे व्यवहार करून फ्लॅगच्या वयाच्या खेळाडूंभोवती संघ उभा करावा. व्यवहार फसला नव्हता हे सिद्ध करण्यासाठी हा मोसम ताणला गेला, तर फ्लॅगची पहिली वर्षं दुसऱ्या कुणाची अब्रू झाकण्यात जातील. ही भीती मला हार-जितीपेक्षा मोठी वाटते.

‘खरा चाहता संशय घेत नाही’, असं म्हणणाऱ्यांनी डॅलसच्या चाहत्यांचा इतिहास आठवावा. १९९२-९३ मध्ये हा संघ ८२ पैकी ११ सामने जिंकला, पुढच्या वर्षी १३. १९९० नंतर प्लेऑफ पाहायला लोकांना २००१ उजाडावं लागलं. त्या काळात जे येऊन बसले त्यांना निष्ठा शिकवायची गरज नाही. आणि कारभाऱ्यांच्या हातून चांगला माणूस निसटण्याची ही पहिली वेळही नाही. २००४ मध्ये स्टीव्ह नॅशला जाऊ दिलं. त्याने फिनिक्सला जाऊन पुढची सलग दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान पटकावला. २०११ चं एकमेव अजिंक्यपद ज्याच्या बचावामुळे जमलं त्या टायसन चँडलरला त्याच वर्षी सोडलं. २०२२ मध्ये जेलन ब्रन्सन न्यूयॉर्कला गेला आणि तिथला नायक झाला. प्रत्येक वेळी चाहत्यांना सांगितलं गेलं की आकड्यांत बघा, भावनेत वाहू नका. प्रत्येक वेळी चाहते थांबले.

नोविट्झ्कीच्या पुतळ्याखाली निष्ठा कधी विरत नाही अशा अर्थाचं वाक्य कोरलेलं आहे. व्यवहारानंतरच्या दिवसांत लोकांनी त्याच पुतळ्यापाशी फुलं ठेवली आणि एक शवपेटी आणून संघाची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. डर्कने २१ मोसम एकाच संघाला दिले. २०१४ मध्ये इतरत्र कितीतरी जास्त पैसे मिळत असताना तो तीन वर्षांच्या अडीच कोटी डॉलरच्या करारावर डॅलसमध्ये राहिला. त्याने शहराला दिलं, शहराने त्याला दिलं. निष्ठा दोन्ही बाजूंनी चालते हे डॅलसइतकं क्वचितच कुठल्या शहराने पाहिलं असेल. १० फेब्रुवारीला डॉन्चिच लेकर्सकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा डर्क लॉस एंजेलिसला जाऊन प्रेक्षकांत बसला होता. त्याने मालकांना उद्देशून काही बोलायची गरजही उरली नाही.

प्लेनो, फ्रिस्को, आयर्विंग या डॅलसच्या उपनगरांत मराठी आणि एकूणच भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. भारतात जन्मलेला पहिला खेळाडू एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला तो याच संघाकडून. २०१५ मध्ये पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग. क्रिकेट पाहत वाढलेले आई-बाप आणि डॉन्चिचची ७७ क्रमांकाची जर्सी घालणारी त्यांची मुलं, असं चित्र त्या भागात नवं नाही. परदेशातून आलेल्या माणसाला शहर आपलं वाटायला लागतं ते ज्या दोन-चार गोष्टींतून, त्यातली एक तिथला संघ असते. म्हणून हा प्रश्न त्या कुटुंबांचाही आहे, आणि त्यांनी तो टेक्सासच्या जुन्या रहिवाशांवर सोडून देऊ नये.

यातल्या आयर्विंग या उपनगराचं नाव (कायरी आयर्विंगचं नव्हे) तर या गोष्टीत थेट येतं. मार्क क्युबनने २००० मध्ये २८.५ कोटी डॉलरला घेतलेला हा संघ डिसेंबर २०२३ मध्ये साधारण ३५० कोटी डॉलरच्या मूल्याने मिरियम ॲडल्सन आणि पॅट्रिक ड्युमॉन्ट यांच्या कुटुंबांकडे गेला. त्यांची कंपनी लास वेगास सँड्स, धंदा कॅसिनोंचा. टेक्सासमध्ये कॅसिनोला बंदी आहे. ती उठवायची तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि त्यावर जनमत लागतं. कंपनीने आयर्विंगमध्ये, जुन्या टेक्सास स्टेडियमच्या परिसरात, मोठी जमीन घेतली आहे. मार्चमध्ये तिथल्या नगर परिषदेसमोर प्रस्ताव आला तेव्हा रहिवाशांनी इतका विरोध केला की कॅसिनोचा भाग कंपनीने काढून घेतला, आणि मगच उरलेल्याला मंजुरी मिळाली.

संघ लास वेगासला हलवण्यासाठी डॉन्चिचला घालवलं, असा संशय अनेक चाहत्यांना आहे. मला तो पटत नाही. संघ डॅलसमध्येच राहील असं ड्युमॉन्ट यांनी सांगितलं आहे आणि त्याउलट पुरावा कुठे दिसत नाही. पण आयर्विंगच्या सुनावणीने एक गोष्ट दाखवून दिली. ज्या मालकांवर हजारो घोषणांचा परिणाम झाला नाही, ते नगर परिषदेत नोंदवलेल्या हरकतींपुढे मागे सरले. जिथे त्यांना शहराची परवानगी लागते, तिथेच शहराचा आवाज त्यांना ऐकू येतो.

आणि परवानगी पुन्हा लागणार आहे. आजचं मैदान, अमेरिकन एअरलाइन्स सेंटर, २००१ मध्ये उघडलं. त्यासाठी जानेवारी १९९८ मध्ये डॅलसच्या मतदारांनी थोडक्या फरकाने हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांवरचा कर मंजूर केला आणि शहराने १२.५ कोटी डॉलरपर्यंतचा वाटा उचलला. त्या मैदानाचा करार २०३१ मध्ये संपतो. नव्या मैदानाची चर्चा सुरू झालीच आहे. मालक एक दिवस शहराच्या दारात येतील: जागा द्या, रस्ते द्या, करातून वाटा द्या. त्या दिवशी शहराने काय मागायचं, हे आज ठरवायला हवं.

दुसऱ्या शहरांचे अनुभव समोर आहेत. सिअ‍ॅटलने ४१ वर्षं सुपरसॉनिक्स जपला, १९७९ चं अजिंक्यपद पाहिलं. नव्या मैदानाच्या पैशांवरून वाद झाला आणि २००८ मध्ये संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. सॅक्रामेंटोचा संघही २०१३ मध्ये सिअ‍ॅटलला जायला निघाला होता. तिथे महापौर आणि चाहते एकत्र आले, मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या पुढाकाराने खरेदीदार उभे राहिले, आणि लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं. (रणदिवे यांनी त्याच संघाला २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये खेळायला आणलं होतं, मराठी वाचकांना ते आठवत असेल.) पुढे सॅक्रामेंटोने फार काही जिंकलेलं नाही, हे कबूल करायला हवं. पण संघ तिथेच आहे. ओक्लाहोमा सिटीच्या मतदारांनी डिसेंबर २०२३ मध्ये किमान ९० कोटी डॉलरच्या मैदानासाठी विक्रीकर मान्य केला. मालकांचा वाटा ५ कोटी. बदल्यात संघ २०५० पर्यंत तिथे राहील एवढी हमी मिळाली. एवढ्या पैशांत शहराला कारभारात काडीचा शब्द मिळाला नाही, हे मला फार स्वस्तात सुटणं वाटतं; अर्थात मालकांचं.

संघ मतपेटीतून चालवता येत नाही, हा आक्षेप मी मान्य करतो. खेळाडू घ्यायचा की द्यायचा याचं मतदान होऊ नये. पण मतदान आणि मुकेपणा यांच्यामध्ये बरीच जागा आहे. डॉन्चिच ज्या क्लबात १३ व्या वर्षी गेला आणि घडला, तो रेआल माद्रिद त्याच्या सभासदांच्या मालकीचा आहे. अध्यक्ष ते निवडतात. डर्कच्या जर्मनीत फुटबॉल क्लबांमध्ये काही अपवाद सोडता मतांचं बहुमत सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे. इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये फुटबॉलसाठी कायदा झाला, स्वतंत्र नियामक आला, आणि चाहत्यांशी नियमित सल्लामसलत करणं क्लबांवर बंधनकारक केलं गेलं. तिथले क्लब यामुळे बुडाले नाहीत. अमेरिकी लीगमध्ये मालकी तशी वाटली जाणार नाही, पण सल्लामसलतीला तिथला कोणता नियम आड येतो?

म्हणून नव्या मैदानाच्या करारात डॅलसने लिहून घ्यावं: संघ किती वर्षं हलणार नाही आणि हलला तर किती दंड, तिकिटांच्या दरवाढीचं कारण आणि काही स्वस्त जागांचं कायमचं आरक्षण, मोसमी तिकीटधारकांनी निवडलेलं एक मंडळ, ज्याला मालक आणि जनरल मॅनेजर वर्षातून दोनदा कॅमेऱ्यांसमोर सामोरे जातील, आणि घोषणा दिली म्हणून, शिवीगाळ किंवा धक्काबुक्की नसेल तर, कुणाला बाहेर काढणार नाही अशी लेखी हमी. यातल्या एकाही अटीने डॉन्चिचचा व्यवहार थांबला नसता. पण चाहत्यांच्या प्रेमाची पातळी ठाऊक नव्हती, हे वाक्य पुन्हा कुठल्या जनरल मॅनेजरला म्हणता आलं नसतं.

हॅरिसन यांना काढा, या घोषणेबद्दल मला सहानुभूती आहे, आणि मोसम वाईट सुरू झाला तर ती मागणी कदाचित मान्यही होईल. पण ते गेले तरी त्यांच्या खुर्चीला असलेला अधिकार तसाच राहील, आणि पुढचा माणूस एखाद्या रात्री फ्लॅगचाही सौदा असाच बंद खोलीत करू शकेल. डॅलसच्या चाहत्यांनी या मोसमात मैदानात तर जावंच. पण डॅलस किंवा आयर्विंगच्या नगर परिषदेत मैदानाचा विषय निघेल त्या संध्याकाळीही जावं, डॉन्चिचच्या ७७ आणि फ्लॅगच्या ३२ क्रमांकाच्या जर्सी घालूनच जावं, आणि बोलायला मिळतील त्या मोजक्या मिनिटांत या अटी वाचून दाखवाव्यात.